लगदा एकदाच भिजवायचा की काढून उकळायचा?

जर्मनीत राहताय, घरी पहिली बिअर करायची आहे आणि शेजारी सांगतोय की डिकॉक्शनशिवाय, म्हणजे भिजवलेल्या धान्याच्या लगद्याचा काही भाग काढून उकळल्याशिवाय, तिला चव नाही. पहिल्या चार-पाच खेपांना तरी त्याचं ऐकू नका. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा ठरतो, म्हणून हे बाहेर राहणाऱ्यांसाठीच.)

सोपी पद्धत अशी: २० लिटर बिअरसाठी साडेचार किलो भरडलेला मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) ७२ अंशांच्या १४ लिटर पाण्यात घालून ढवळायचा. हाच लगदा. तापमान ६६च्या आसपास स्थिरावतं. पातेलं गोधडीत गुंडाळून तासभर विसरायचं. तेवढ्यात एन्झाइम स्टार्चची साखर करतात. बशीतल्या थेंबभर रसावर आयोडीन टाका. निळंकाळं झालं नाही, की काम झालं.

डिकॉक्शनमध्ये लगद्याचा काही हिस्सा वेगळा काढून, ७२ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवून, मग उकळून परत ओततात. थर्मामीटर नव्हते तेव्हाची ही युक्ती. उकळी ओळखायला डोळे पुरतात, आणि हिस्सा मोजून घेतला की तापमान आपोआप साधतं. ६५ अंशांच्या १७ लिटर लगद्यातला एक तृतीयांश उकळून परत घातला, तर सगळा ७६च्या जवळ जातो. काढायचा तो घट्ट भाग, कारण एन्झाइम बहुतेक पातळ रसात असतात आणि उकळीत मरतात. चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेनमध्ये योसेफ ग्रोलने १८४२ साली पहिली पिल्सनर ही सोनेरी बिअर केली. तिथे आजही तीनदा उकळतात. पण त्या काळच्या अर्धवट मोडाच्या मॉल्टला ही मेहनत लागायची. आजच्या मॉल्टला साखर होण्यासाठी ती लागत नाही.

उरते चव. उकळल्याने भाकरीच्या पापुद्र्यासारखा खरपूसपणा येतो. डुंकेल किंवा बॉक या मॉल्टच्या चवीच्या जर्मन बिअर करणार असाल तर तो शोभतो. आयपीए या कडवट बिअरमध्ये हॉप्सखाली (कडवटपणा देणाऱ्या फुलांखाली) दबून जातो. त्यासाठी दीड तास जास्त, शिवाय दूध आटवताना ठेवतो तशी तळाशी नजर. खाली लागलं तर सगळी बिअर करपट.

मधला मार्ग म्हणजे पावशेर मेलानॉइडिन मॉल्ट (असाच खरपूसपणा देणारा मॉल्ट) मिसळून सोपी पद्धतच वापरायची. डोळे बांधले तर मला फरक सांगता येणार नाही. तरीही हौस असेल तर एकदाच उकळा, तीनदा नको. आठ लिटरचं दुसरं पातेलं हवं आणि उलथनं आळीपाळीने धरायला घरातलं कुणीतरी.