जळगावातील स्कॅन सेंटर : तपासणी उत्तम, रिपोर्ट देण्याची पद्धत सुधारावी

माझ्या यजमानांचा खोकला काही केल्या हटेना, म्हणून चोपड्याच्या आमच्या डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन करायला सांगितला आणि तो आम्ही जळगावच्या एका खासगी सेंटरमध्ये करून घेतला. पुढे तक्रारही असल्याने सेंटरचे नाव लिहीत नाही.

तपासणीत नाव ठेवायला जागा नाही. दिलेल्या वेळेला आत घेतले, श्वास कधी रोखायचा हे तंत्रज्ञाने आधीच करून दाखवले, पावतीही पूर्ण रकमेची दिली.

रिपोर्ट मात्र शनिवारी संध्याकाळी थेट माझ्या मोबाइलवर आला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात 7 मिलिमीटरची गाठ आहे, एवढे मला त्यातून कळले. सेंटरचा फोन कोणी उचलेना, आमचे डॉक्टर बाहेरगावी आणि यजमान केळीच्या बागेत पाण्याची पाळी धरायला गेलेले. ते परत आल्यावर सांगावे की सोमवारपर्यंत गप्प राहावे, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता. ज्या घरात असा कागद जातो तिथे तो समजावून सांगणारे कोणीतरी त्याच वेळी फोनवर तरी असायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

सोमवारी रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी जे केले, त्यासाठी मात्र त्यांचे मनापासून आभार. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत यजमानांचा एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, झाला होता, त्याची सीडी मी सोबत नेली होती. दोन्ही स्कॅन त्यांनी पडद्यावर शेजारी शेजारी लावले, एकेक काप सरकवत नेमक्या त्याच जागी थांबले आणि पेन्सिलीच्या टोकाने तो पांढरा ठिपका आम्हा दोघांना दाखवला. तो तेव्हाही होता; त्या वेळी 6 मिलिमीटर, आता 7. एका मिलिमीटरचा फरक मोजण्यातही पडू शकतो, साधारण दोन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक दिसला तरच वाढ धरतात, आणि असा भरीव ठिपका दोन वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला तर तो बहुधा निरुपद्रवी असतो, हे त्यांनी आम्हाला समजेल अशा मराठीत सांगितले. क्षयाचा जुना व्रणही असा दिसू शकतो, असेही ते म्हणाले. यजमान पूर्वी बिडी ओढत असल्याने खात्रीसाठी सहा महिन्यांनी कमी किरणांचा सीटी पुन्हा करायचा आहे. काळजी पुरती गेलेली नाही, पण त्या रात्री यांना झोप लागली.

ज्यांच्याकडे जुने स्कॅन असतील त्यांनी फिल्मसोबत सीडीही जपून ठेवावी आणि नव्या तपासणीला जाताना बरोबर न्यावी. आमच्या बाबतीत सारा उलगडा त्या सीडीमुळेच झाला. पुढचा स्कॅन आम्ही इथेच करणार आहोत, कारण मशीन तेच असले की तुलना सोपी जाते. रिपोर्ट सुटीच्या आदल्या संध्याकाळी न पाठवता डॉक्टरांच्या भेटीच्या वेळीच हातात द्यावा, असा लेखी अर्ज मी काउंटरवर देऊन आले आहे.