प्रापंचिक सेवकांचे निवासी प्रशिक्षण : वाचनपीठ मिळाले, हिशेबाची वही राहिली

सावंतवाडी परिसरातील एका केंद्रात प्रापंचिकांसाठी (धर्मगुरू वा व्रतस्थ नसलेल्या सामान्य कॅथलिक भाविकांसाठी) होणाऱ्या निवासी नेतृत्व-प्रशिक्षणाला आमच्या धर्मग्रामातून (एका चर्चच्या कक्षेतील भाविकसमुदायातून) आम्ही काही जण जाऊन आलो. आपल्याकडून कोणाला पाठवावे का, अशी विचारणा बऱ्याच जणांकडून होत असल्याने सविस्तर लिहीत आहे. पाठवावे, असेच माझे मत आहे. मात्र तिथे काय हाती लागते आणि काय लागत नाही, हे आधी समजून घेतलेले बरे.

सिंधुदुर्ग धर्मप्रांत (एका बिशपांच्या देखरेखीखालचा प्रदेश) २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि त्यात सिंधुदुर्ग व रत्नागिरीबरोबर घाटावरचा कोल्हापूर जिल्हाही येतो. एवढ्या मुलखात वाडीवाडीतून विखुरलेली ख्रिस्ती घरे केवळ धर्मगुरूंच्या बळावर सांभाळली जाणे अवघड आहे. त्यातच तरुण मुले गोव्यात, मुंबईत, आखातात नाहीतर बोटीवर असतात, आणि चर्चच्या बाकांवर बहुतांशी वयस्क माणसे व लहान मुलेच दिसतात. प्रापंचिकांनी पुढे यावे, ही आपल्याकडे म्हणूनच निकडीची गोष्ट आहे.

प्रशिक्षणाचा सर्वांत उत्तम भाग म्हणजे प्रत्यक्ष सराव. वाचनाच्या सत्रात मालवणकडच्या एका मासेविक्रेत्या ताईंना बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकातील आठवा अध्याय देण्यात आला, ज्यात एज्रा लोकांसमोर उभा राहून नियमशास्त्र वाचतो. शिकवणाऱ्या सिस्टरांनी माईक बंद केला आणि त्या स्वतः मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. ताई मत्तिथ्या, हिल्कीया या नावांपाशी अडखळल्या, तेव्हा सिस्टरांनी पेन्सिल आणून दिली आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे बारीक रेघ मारायला सांगितली. दुसऱ्या वेळी तोच उतारा दारापर्यंत स्वच्छ ऐकू आला. ज्या घरात स्त्रियांनी वेदीजवळ जाणे कालपरवापर्यंत रुचत नव्हते, त्या घरची बाई एवढ्या ठामपणे वाचते, हे पाहून मला मनापासून आनंद झाला. पोप फ्रान्सिस यांनी १० जानेवारी २०२१ रोजी वाचक आणि वेदीसेवक या सेवापदांचे दार स्त्रियांना औपचारिकपणे उघडले, ही माहितीही त्याच सत्रात मिळाली आणि ती अनेकांना नवी होती.

मृत्युप्रसंगीच्या प्रार्थनेचा सरावही असाच कसून घेतला गेला. जुलै महिन्यात रस्त्यावर झाड पडलेले आहे, फादर वेळेत पोहोचू शकत नाहीत आणि घरात पार्थिव आहे, असा प्रसंग देऊन प्रत्येक गटाला प्रार्थना चालवायला लावली : कोणते स्तोत्र घ्यायचे, घरच्या माणसांशी आधी काय बोलायचे, गाणे कोणी उचलायचे. प्रापंचिकाला मिस्सा (धर्मगुरूंनी चालवायची मुख्य उपासना) अर्पण करता येत नाही, पापनिवेदन (भाविकाने दिलेली पापांची कबुली) ऐकता येत नाही, या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या. धर्मगुरूंच्या अभावी रविवारी मिस्सा होऊ शकत नसेल तर लोकांनी शब्दविधीला (बायबलवाचन व प्रार्थनेच्या उपासनेला) जमावे, अशी शिफारस १९८३ च्या धर्मसंहितेतील (कॅथलिक चर्चच्या कायद्यातील) १२४८ वे कलमच करते. त्यामुळे ही कामचलाऊ तडजोड आहे, हा समज दूर व्हायला मदत झाली.

सैद्धांतिक सत्र मात्र रटाळ झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या जागतिक परिषदेने) १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर (ख्रिस्ताचा संदेश पोहोचवण्याच्या कार्यावर) स्वतंत्र आदेश काढला आणि हे कार्य धर्मगुरूंनी दिलेली सवलत नसून बाप्तिस्म्यातूनच लाभते असे सांगितले, हा खरे तर सगळ्या प्रशिक्षणाचा पाया. तो इंग्रजी स्लाइड वाचून दाखवत सांगितला गेला आणि मागच्या रांगा पेंगू लागल्या. आपल्याकडे मे महिन्यात वाडीतल्या खुरसापाशी (क्रुसापाशी) लादीन (एकत्र गाऊन म्हणायची प्रार्थना) होते. तिथे मेणबत्त्या लावण्यापासून प्रार्थना चालवण्यापर्यंत आणि शेवटी उकडलेले चणे वाटण्यापर्यंत सारे काही वाडीतली माणसेच करतात, फादर असोत वा नसोत. प्रापंचिक नेतृत्व कोकणात पिढ्यान्‌पिढ्या असे नांदत असताना त्याचा साधा उल्लेखही होऊ नये, याची मला खंत वाटली. सुरुवात लादीनीपासून केली असती, तर त्या आदेशाचा अर्थ कोणालाही वेगळा समजावून सांगावा लागला नसता.

खरी उणीव याहून मोठी आहे. धर्मसंहितेच्या ५३७ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असणे बंधनकारक आहे, आणि ५३६ वे कलम पाळकीय मंडळाची (धर्मग्रामाच्या कामात फादरांना साथ देणाऱ्या मंडळाची) तरतूद करते, जरी त्या मंडळाचे मत केवळ सल्ल्यापुरते असले तरी. या दोन कलमांना जेवणाआधीची उरलीसुरली वेळ मिळाली. छताच्या दुरुस्तीसाठी गोळा झालेल्या निधीचा हिशेब समितीपुढे कसा मागावा, असे एका सहभागी गृहस्थांनी नम्रपणे विचारले, तेव्हा ‘तुमच्या फादरांशी बोला’ एवढेच उत्तर आले. आणि एकाही धर्मग्रामाचे फादर प्रशिक्षणाला आलेले नव्हते. रोममध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलेल्या सिनडच्या (मुख्यतः बिशपांच्या जागतिक सभेच्या) अंतिम दस्तऐवजात पारदर्शकता, उत्तरदायित्व आणि सहभागाची मंडळे बंधनकारक करणे यांवर भर आहे. असे असताना स्थानिक प्रशिक्षणाने नेमका हाच विषय टाळावा, हे मला अजिबात पटलेले नाही. वाचणारे, गाणारे, सजावट करणारे हात तयार होतात, पण निर्णय कोठे आणि कसा घेतला जातो हे त्यांना ठाऊक नसेल, तर ती माणसे मदतनीसच राहतात, आणि मदतनीस काही वर्षांत थकतात.

परतल्यावर आमच्याकडे वाचकांची यादी नव्याने झाली, तीत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत, आणि मृत्युप्रसंगी धावून जाणारा एक गटही उभा राहिला. पाळकीय मंडळाची बैठक मात्र अद्याप झालेली नाही.

राहण्याची सोय साधी पण स्वच्छ आहे, सकाळची उकड्या तांदळाची पेज उत्तम, शुल्क परवडणारे. बसने येणाऱ्यांनी शेवटच्या टप्प्यासाठी रिक्षा आधीच ठरवून ठेवावी.

एकट्यादुकट्याला पाठवू नका, कारण परत येऊन एकट्याचे बोलणे कोणी मनावर घेत नाही. निदान दोघे जावेत, त्यांत एक स्त्री असावी, आणि शुल्क धर्मग्रामाच्या निधीतून भरावे, म्हणजे परतल्यावर सर्वांसमोर अहवाल मांडणे ओघानेच येईल. आयोजकांना माझी विनंती अशी की, पुढच्या तुकडीत एक पूर्ण सकाळ वित्त समितीच्या कामकाजाला द्यावी, जमाखर्चाची नमुना वही हातात देऊन ती वाचायला शिकवावे, आणि त्या सकाळी प्रत्येक धर्मग्रामाच्या फादरांना आपल्या माणसांशेजारी बसण्याचे निमंत्रण द्यावे.