स्टिकर १४०० चा, मोटर ९०० ची: एक्झॉस्ट फॅन घेताना झालेली फसवणूक

नाशिकच्या सातपूरला आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. वर सिमेंटचे पत्रे, आत वेल्डिंग आणि ग्राइंडिंग. धूर पत्र्याखाली साचतो आणि दुपारनंतर तोच खाली उतरतो. पोरांचा खोकला हटेना म्हणून एका व्हेंटिलेशनवाल्याला काम दिलं. त्याचं नाव इथे देत नाही. पण त्याने काय केलं ते सगळं सांगतो, कारण हीच युक्ती उद्या तुमच्या शेडमध्येही चालेल.

शेड ५० बाय ४०, उंची १८ फूट, म्हणजे ३६,००० घनफूट. तासाला वीस वेळा हवा बदलायची तर मिनिटाला १२,००० घनफूट हवा बाहेर जायला हवी. हा हिशेब त्यानेच मांडला आणि तो बरोबर होता. कोटेशन दिलं १८ इंची तीन एक्झॉस्टचं: थ्री फेज, १४०० आरपीएम (मिनिटाला फेरे), प्रत्येकी ४,५०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). कागदावर १३,५०० झाले.

पंखे बसले. त्याने जाळीजवळ कागद धरून दाखवला, तो गच्च चिकटला. "बघा भाऊ, कशी ओढतोय हवा!" कागद चिकटला याचा अर्थ हवा त्या बाजूने ओढली जातेय, एवढाच. किती ओढली जातेय हे कागद सांगत नाही. तिसऱ्या पंख्यापाशी तर कागद उडूनच आला. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: "हा फ्रेश एअरचा आहे, मुद्दाम आत हवा देतो." आणि 'एस्टिमेट'च्या कागदावर 'फ्रेश एअर युनिट' म्हणून साडेतीन हजार जादा लावले.

आठवडाभरात धूर होता तिथेच. आमच्या वायरमनने तिसरा पंखा बंद करून पाती पाहिली. पंखा नीट फिरत असेल तर पातीची खोलगट बाजू हवा ढकलते. इथे खोलगट बाजू बाहेर होती आणि फुगीर बाजू आत हवा लोटत होती. म्हणजे एक्झॉस्टच होता, फक्त उलटा फिरत होता. उलटा फिरला की पंखा हवा कमी देतो आणि आवाज जास्त करतो. रिंगवर दिशेचा बाण असतो, त्यावर रंग मारलेला होता. मेन बंद करून वायरमनने तीनपैकी दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या आणि पंखा सरळ झाला. साडेतीन हजारांचं 'युनिट' ते एवढंच. शिवाय तिन्ही पंखे एकाच भिंतीत, त्यामुळे दोघांनी बाहेर टाकलेला धूर तिसरा परत आत आणत होता. ताजी हवा समोरच्या भिंतीतून, खालच्या बाजूने यायला हवी. खालचा धूर ढकलत ती वरच्या एक्झॉस्टकडे जाते, तेव्हाच शेड साफ होतं.

(ब्लोअर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. गोल डब्यातला सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून येते, फक्त फार कमी येते. तिथे कागदाची परीक्षा सपशेल खोटी ठरते. डब्यावरचा बाण आणि चाक फिरण्याची दिशा जुळवूनच पाहा.)

तिन्ही सरळ होऊनही धूर पुरता जाईना. ओळखीच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याने फेरे मोजणारा टॅकोमीटर आणला, पातीला चकचकीत पट्टी चिकटवली आणि आकडा दाखवला: ९१५. दुसऱ्यावर ९२०. तो लगेच म्हणाला, "ही सहा पोलची मोटर आहे." पोल म्हणजे मोटरच्या आतले चुंबकी ध्रुव; ते जितके जास्त, तितका वेग कमी. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटर साधारण १४०० ते १४४० फिरते आणि सहा पोलची ९०० ते ९६०. मधलं काही नाही. व्होल्टेज कमी होतं वगैरे सबब इथे चालत नाही. नखाने मोटरवरचा १४०० चा स्टिकर सोलला तर खाली जुनी नेमप्लेट निघाली, त्यावर ९०० कोरलेलं. त्याच पंख्याची हवा आरपीएमच्या प्रमाणातच बदलते, म्हणजे ४,५०० च्या जागी फार तर २,९००. तिन्ही मिळून ८,७००, आणि तेही जाळी व पावसाळी झडप मोकळी असेल तर.

फोन केला तर "कंपनीकडूनच तसे आले" म्हणाला. मग फोन उचलेना. पक्कं बिल मागूनही शेवटपर्यंत दिलं नव्हतं, 'एस्टिमेट'चा कागद होता. सुदैवाने कोटेशनवर त्याची सही आहे आणि स्टिकर सोलतानाचा व्हिडिओ आमच्याकडे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही असं तो लोकांना सांगतो, पण स्वतःच्या रोजीरोटीसाठी स्वयंरोजगारातून चालवलेल्या धंद्याला २०१९ च्या कायद्यात सवलत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही.

तुम्ही पंखे घेत असाल तर कोटेशनवर पोलची संख्या, आरपीएम आणि 'बसवल्यावर टॅकोमीटरने मोजून' हे शब्द लिहून घ्या. मोजणी होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. टॅकोमीटर रिवाइंडिंगच्या दुकानात बहुधा मिळतो, मोजायला पाच मिनिटं लागतात. नेमप्लेटवर स्टिकर दिसला तर तो विक्रेत्याच्या समोरच सोला.