पैसे जमा झाल्याचा खोटा मेसेज आणि आमचे २२ मेंढे

मेंढपाळांनो, वाड्यावर म्हणजे मेंढरांच्या तळावर येऊन नर (मेंढे) उचलणाऱ्या व्यापाऱ्याचे पैसे खात्यात पडल्याची बँकेतून खात्री होईपर्यंत एकही जनावर गाडीत चढवू देऊ नका. आमचे २ लाख २८ हजार बुडालेत.

गोष्ट २०२५ च्या बकरी ईदची. ईद ७ जूनला होती. त्या साली मे महिन्यातच बारामती, फलटण, इंदापूरकडं पाऊस कोसळला. वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, चिखल, कोकरं गारठलेली, नर ठेवायचे कुठं? त्यात ३ ते ८ जून जनावरांचे बाजार भरवू नका, असं पत्र बाजार समित्यांना गेलं. वर्षभर ज्या आठवड्याची वाट बघायची, नेमका तोच आठवडा! लोकरीला कुणी विचारत नाही, कातरणीची मजुरीसुद्धा त्यातून निघत नाही. आमचा संसार चालतो तो ईदच्या नरांवर. ईद सरली की तोच व्यापारी भाव पाडून मागतो. मग दारात आलेल्या गिऱ्हाईकाला परत पाठवायचं कसं?

नगाला ११,५०० ठरले. २२ नरांचे २,५३,०००. विसार २५,००० रोख दिला, बाकी खात्यावर टाकतो म्हणाला. संध्याकाळी, पिकअप भरत असतानाच तात्यांच्या फोनवर मेसेज आला: २,२८,००० जमा. मीच वाचून दाखवला.

तो मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून आला होता. बँकेचा मेसेज असा येत नाही, तिथं बँकेच्या नावाची अक्षरं असतात. खाली शिल्लक रक्कमही नव्हती. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या! पण अंधार पडलेला, पाऊस सुरू, रेंज येत-जात होती आणि तो माणूस "पोचले ना पैसे?" म्हणून घाई करत होता. ती घाई मुद्दाम होती. घाई करणाऱ्याला माल देऊ नका.

बँकेत गेलो तर "मेसेज आमचा नाही" एवढंच उत्तर. पोलीस ठाण्यात म्हणाले, हा देण्याघेण्याचा वाद आहे, कोर्टात जा. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, हद्द आमची नाही, तुमच्या माण तालुक्यात जा. माणमध्ये म्हणाले, व्यवहार इथं झालाच नाही. अहो, मेंढपाळाचा वाडा आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. मग आमची हद्द कुठली? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार नोंदवून घ्यायची. हे कलम छापून खिशात ठेवा, ठाण्यात दाखवा. नाहीच ऐकलं तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही.

गाडीचा आणि चालकाचा फोटो सौदा ठरायच्या आधीच काढा. प्रत्येक नराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीत लिहा. शक्य असेल तर बाजार समितीच्या आवारातच विका. तिथं पावती मिळते, वाड्यावर मिळत नाही.

पिकअपचा नंबर आम्ही तिन्ही ठाण्यांत लिहून दिलाय. त्या रात्रीचं टोलनाक्याचं चित्रीकरण मागवा, एवढीच आमची मागणी आहे. अजून कुणी मागवलेलं नाही.