गुलामगिरीवर प्रोजेक्ट: ब्रिटिश साम्राज्य घेऊ की फ्रेंच?

भाची एमएच्या प्रोजेक्टसाठी या दोनांत अडकलीय, तिच्यासाठी लिहितोय. ब्रिटिश संसदेने गुलामगिरी संपवली या मोठेपणाच्या गोष्टी आधी बाजूला ठेव, 1831 ला जमैका या ब्रिटिश वसाहतीत गुलामांनीच मोठा उठाव केला होता.

गुलामगिरी बंद करणारा कायदा किती टिकला? ब्रिटिशांचा 1833 चा टिकला, पण 1834 ला सुटलेल्या बहुतेकांना अप्रेंटिस म्हणून 1838 पर्यंत जुन्याच मालकांकडे राबवलं, आणि कंपनी सरकारचा मुलुख तर वगळलाच, भारतात कायदा यायला 1843 उजाडलं. फ्रेंचांनी गुलामगिरी 1794 ला रद्द केली, नेपोलियनने 1802 ला परत आणली, शेवटी 1848 ला गेली.

पैशाचं वाचून दोन्हीकडे संताप येतो. ब्रिटनने भरपाईचे 2 कोटी पौंड दिले ते मालकांना, राबणाऱ्यांना छदाम नाही, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज फिटलं 2015 ला! फ्रान्सने तर आपल्या जुन्या वसाहतीकडून, हैतीकडून, म्हणजे ज्यांनी स्वतः लढून 1804 ला स्वातंत्र्य मिळवलं त्यांच्याकडूनच, 1825 ला युद्धनौका दाखवून जुन्या मालकांच्या भरपाईसाठी 15 कोटी फ्रँक मागितले, नंतर ते 9 कोटींवर आणले. याहून निर्लज्ज वसुली मी तरी वाचली नाही.

साधनं ब्रिटिशांची सोपी, भरपाई घेणाऱ्या मालकांच्या नोंदी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ऑनलाइन ठेवल्यात.

तेव्हा फ्रेंच वाचता येत असेल आणि गुलामांची स्वतःची क्रांती हा विषय हवा असेल तर हैती घे. आकडे, कायदे यांत रस असेल तर ब्रिटिश, आणि मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गुलामांच्या जागी करारावर नेलेल्या मजुरांत, म्हणजे गिरमिटियांत, आपली मराठी माणसंही होती, तो धागा धरायचा असेल तरी ब्रिटिशच.