होम इन्स्पेक्शन करून घेतलेला फ्लॅट: पहिल्या पावसाळ्यानंतर

पाथर्डी फाट्याजवळ तयार टू बीएचके घेताना होम इन्स्पेक्शनवर, म्हणजे ताब्याआधी माहीतगारांकडून फ्लॅट तपासून घेण्यावर, ९,५०० रुपये घातले. सासऱ्यांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं. "जावईबापू, ओळखीचा गवंडी नेला असता तर चहावर काम झालं असतं." जुलैच्या झडीत बेडरूमच्या खिडकीखाली ओल उतरली, रंगाचे पोपडे सुटले आणि मी दात-ओठ खात रिपोर्ट उघडला.

इन्स्पेक्शन मे महिन्यातलं. मॉइश्चर मीटर भिंतीत त्या घडीला किती ओलावा आहे तेवढंच सांगतं. नाशिकच्या मे महिन्यात ते काय बोंबलणार? थर्मल कॅमेऱ्यात ओला भाग थंड दिसतो, ओलच नसेल तर नुसती रंगीबेरंगी चित्रं. ती पानंच्या पानं आहेत. पोकळ वाजणाऱ्या लाद्यांना लाल शिक्का, 'गंभीर'. प्रत्येक लादीचा फोटो, बाण, नंबर. त्यातली एकही अजून हललेली नाही.

आणि पार शेवटी, 'किरकोळ'मध्ये एक ओळ: बेडरूमच्या खिडकीच्या ग्रॅनाइटला ढाळ आतल्या बाजूला.

म्हणजे दिसलं होतं! मी बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं. बाहेर पडायचं सोडून ते निवांत चौकटीकडे आलं आणि सांध्यात जिरलं. पश्चिमेची खिडकी, पावसाचा सगळा मारा तिकडूनच. लादी वाजली तर गंभीर आणि घरात पाणी शिरलं तर किरकोळ, हा कुठला हिशेब?

तरी पैसे पाण्यात गेले म्हणणार नाही. गिझरच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, ते त्यांनीच पकडलं. बिल्डरचा इलेक्ट्रिशियन बल्ब लावून म्हणतो, "चालू आहे की!" फेज आणि न्यूट्रल असले की बल्ब लागणारच, अर्थिंग असो वा नसो. ते खरेदीआधीच जोडून घेतलं. अर्धी फी तिथेच वसूल.

उरलेली त्या 'किरकोळ' पानाने वसूल करून दिली. बिल्डरचा सुपरवायझर म्हणत होता, नवीन बांधकाम पहिल्या पावसाळ्यात ओल धरतंच. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत कामातला दोष कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. कलमाचा उल्लेख करून पत्र दिलं, सोबत ताब्याआधीच्या तारखेचं ते पान. गवंड्याने ढाळ ओळखला असता, पण असा कागद कुठून दिला असता? सासरे यावर काही बोलले नाहीत.

ग्रॅनाइट उखडून बाहेर ढाळ देऊन बसवलं. पाणी उलटं भिंतीवर येऊ नये म्हणून खालच्या कडेला खाच मारली, सांधा सिलिकॉनने भरला. परतीच्या पावसात भिंत कोरडी राहिली. रंग मात्र भलत्याच छटेचा मारून गेलेत; ते भांडण अजून चालू आहे.

हॉलची खिडकीही पाहून जा म्हणून इन्स्पेक्शनवाल्यांना फोन केला. "व्हिजिट चार्ज वेगळा, वर जीएसटी." राहू द्या म्हटलं. बाटलीभर पाणी माझ्याकडेही आहे.