बॅचचा तलाव, तासावरचा पूल की मळ्यातली विहीर? सोलापुरात पोहू पाहणाऱ्या ट्रान्स आणि नॉन-बायनरी मंडळींसाठी

तिन्हींपैकी एक निवडायचं असेल तर पाण्याआधी कपडे बदलायची जागा पाहा. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं की शरीराचं साधारण ९० टक्के वजन पाणीच पेलतं आणि डोकं श्वास न् हातपाय जुळवण्यात गुंततं. आपण कसे दिसतो हा विचार तेवढा वेळ मागे पडतो. पोहून बरं वाटतं ते यामुळे. बिनसतं ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा मिनिटांत.

बॅचचा तलाव

सार्वजनिक तलाव बॅचवर चालतात, साधारण पाऊण-एक तासाच्या. बऱ्याच ठिकाणी पुरुषांच्या बॅच जास्त, महिलांची एखाददुसरी. महिन्याचा पास परवडतो, काठावर जीवरक्षक असतो, शिकवणारं कुणीतरी असतं. पण अर्जावरचं नाव, आधारवरचा फोटो आणि समोरची व्यक्ती यांचा मेळ बसला नाही की खिडकीवर चार लोकांदेखत चौकशी सुरू होते. चेंजिंग रूम बहुधा सामायिक. दाराला कडी असेलच असं नाही. स्त्री किंवा पुरुष या दोन चौकटींत न बसणाऱ्या, म्हणजे नॉन-बायनरी व्यक्तीला दोन्ही बॅच परक्याच वाटतात, तेव्हा फॅमिली बॅच आहे का ते आधी विचारावं.

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यातलं कलम ३ सर्वांसाठी खुल्या असलेल्या सुविधांत भेदभावाला मनाई करतं. ‘आंतरराष्ट्रीय नियमच आहे’ असं कुणी ऐकवलं तर तो ट्रान्स खेळाडूंबद्दलचा २०२२ चा आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाचा नियम मोठ्या स्पर्धांपुरता आहे; सकाळी हातपाय मारायला येणाऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी खिडकीवर भांडून मग निवांत पोहणं जमत नाही. म्हणून आदल्या दिवशी फोन करा. स्वतःबद्दल काही न सांगता एवढं विचारता येतं: एकट्याला बदलायला कडीची खोली आहे का? पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा कॉस्च्युम चालतो का? घरूनच कॉस्च्युम घालून आलं तर चालेल का? सर्वात कमी गर्दीची बॅच कोणती?

तासावरचा पूल

हॉटेल, क्लब, शहराबाहेरची फार्महाऊस. पाच-सहा जणांनी मिळून तास घेतला तर खर्च वाटला जातो, बाथरूमला कडी असते, बघणारं कुणी नसतं. बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) किंवा टकिंग (जननेंद्रियाचा उभार दिसू नये म्हणून ते मागे दाबून ठेवणं) वापरणाऱ्यांना पहिल्या काही वेळा हेच सोयीचं. मात्र जीवरक्षक अनेकदा नसतो आणि पाण्याची निगा मालकाच्या मर्जीवर. खोल टोकाचा तळ स्वच्छ दिसत नसेल तर उतरू नका. टेस्ट किट मागा: मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८. डोळे चुरचुरवणारा उग्र वास म्हणजे क्लोरीन भरपूर, असा समज आहे. खरं तर तो घाम आणि लघवीशी क्लोरीन मिसळून झालेल्या क्लोरामाइनचा. ज्यांना अजिबात पोहता येत नाही त्यांनी मात्र गैरसोय सोसून बॅचच्या तलावावरच शिकावं.

विहीर

कपड्यांवरून कुणी हटकत नाही, एवढाच तिचा मोठेपणा. मे महिन्यात पाणी खाली जातं आणि उडीच्या जागी खडक वर येतो. मोटारीची केबल पाण्यात, पायऱ्या निसटत्या. परकर, साडी, सुती सलवार ओली झाली की पायात गुंडाळते. पट्टीचे पोहणारे असाल, काठावर दोर घेऊन माणूस असेल आणि मोटारीचा मेन स्विच बंद असेल तरच. सिद्धेश्वर किंवा कंबर तलावात उतरणं हा पर्यायच नाही.

अंगावर काय

रोजचा बाइंडर पाण्यात घालू नये. पाण्याचा दाब आधीच बरगड्यांवर असतो, आणि फ्रीस्टाइलमध्ये श्वास घ्यायला जेमतेम सेकंदभर मिळतो. त्यात बाइंडरने छाती फुगू दिली नाही की दोन फेऱ्यांत धाप लागते. शिवाय ओला बाइंडर खांद्यांत अडकतो आणि क्लोरीनने त्याचं इलॅस्टिक मरतं. त्यापेक्षा स्पोर्ट्स ब्रा आणि त्यावर गडद रंगाचा, पुढून चेनचा रॅशगार्ड, म्हणजे पोहण्याचा अंगाबरोबरचा टी-शर्ट, बरा. चक्कर, मुंग्या, छातीत दुखणं जाणवलं की भिंत धरून बाहेर या.

छाती सपाट करायला त्वचेवर चिकटवायचा टेप हा दुसरा मार्ग. छातीभोवती गोल कधीच गुंडाळायचा नाही. क्रेप बँडेज तर नकोच. आदल्या दिवशी छोटा तुकडा लावून त्वचा तपासा, आणि पोहण्याआधी किमान तासभर कोरड्या अंगावर टेप चिकटवा. घाम असताना लावला की कडा सुटतात, आणि आपल्या उन्हाळ्यात हे हमखास होतं. काढताना खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा. ओढला तर कातडी सोलते. टकिंगला टेपऐवजी घट्ट स्विम पँट आणि वरून स्कर्टचा कॉस्च्युम पुरतो. लघवी तुंबवू नका.

दाढी आदल्या रात्री करा. लेझर केलं असेल तर दोन दिवस क्लोरीन नको. टेस्टोस्टेरॉन जेल लावल्यावर किमान दोन तास थांबावं लागतं, काही जेलना पाच. वेष्टनातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. शस्त्रक्रियेनंतर जखम पूर्ण भरून सर्जनने हो म्हणेपर्यंत पाणी बंद, तिथे घाई नाही. स्पायरोनोलॅक्टोन (ट्रान्स महिलांना टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखायला दिली जाणारी गोळी) चालू असेल तर लघवीवाटे पाणी जास्त जातं. ४२ अंशांच्या दुपारी पोहण्याआधीही पाणी प्या.

कडी नसलेल्या खोलीवर उपाय

तो सोलापूरकरांच्या घरातच आहे. ३० बाय ६० इंची दोन टर्किश टॉवेल एकावर एक ठेवा. वरच्या ३० इंची कडेला मधे १२ इंच डोक्यासाठी सोडून दोन्ही खांदे शिवा. लांबी ४४ इंचांवर कापा. बाजूची शिलाई खांद्यापासून १४ इंच खाली सुरू करा, म्हणजे दोन्ही हात आत ओढून घेता येतात, आणि खालून सहा इंच मोकळं सोडा. कापलेल्या कडेला ओव्हरलॉक हवंच, नाहीतर पहिल्याच धुण्यात लूप उसवतात. गणवेश शिवणाऱ्या कुठल्याही शिंप्याला हे किरकोळ काम. या झग्याच्या आत उभ्याउभ्या सगळं बदलता येतं. आधी घरी कोरड्या कपड्यांवर दोनदा करून बघा. ओला रॅशगार्ड उतरवायला कोरड्यापेक्षा जास्त वेळ लागतो. नळ रोज येत नसेल तर दोन लिटरची बाटली बरोबर ठेवा, क्लोरीन तिथल्या तिथे धुऊन टाकायला.